स्पीकरची वायर बदलून आवाजात खरंच फरक पडतो का?

शुद्धकल्याण

नमस्कार मंडळी. बाबा निवृत्त झाल्यावर घरात नीट गाणं ऐकता यावं म्हणून दोन चॅनेलचा अँप्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर घेतले. हॉल १२ बाय १८ फुटांचा. अँप डाव्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे डाव्या स्पीकरला ३ मीटर वायर पुरते. उजव्याची मात्र दाराच्या चौकटीवरून फिरवून न्यावी लागली, ती ८ मीटर झाली. वायर म्हणजे स्पीकरच्या खोक्यात आली तीच, लाल-काळी बारीक जोडवायर, ०.५ चौरस मिलिमीटरची. स्पीकर ६ ओहमचे आहेत. माहितीपत्रकात कमीत कमी इम्पीडन्स (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) ४ ओहम दिलाय.

ऐकतो मुख्यतः ख्यालगायन आणि नाट्यसंगीत. परवा एका शोरूममध्ये स्टँड बघायला गेलो तर तिथल्या माणसाने २२ हजारांची स्पीकर केबल दाखवली. म्हणाला, ही लावा, तानपुऱ्याची एकेक तार सुटी ऐकू येईल. पैसे बाजूला काढलेले आहेत, पण ते केबलवर घालावेत की स्टँडवर, हे ठरत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं.

वायरमन_सातारा

शुद्धकल्याण, तुम्ही लांबी, जाडी आणि ओहम तिन्ही दिलेत, त्यामुळे उत्तर आकड्यांत देता येतं.

०.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०३४ ओहम. करंट जातो आणि परत येतो, म्हणून ८ मीटरच्या वायरीत तांबं १६ मीटर धरायचं. झाला ०.५५ ओहम. डावीकडे त्याच हिशेबाने ०.२१.

आता महत्त्वाचा भाग. ६ ओहमचा स्पीकर सगळ्या सुरांना ६ ओहम नसतो. तुमचा कुठे ४ ओहमपर्यंत उतरतो, आणि खर्जाच्या रेझोनन्सपाशी, म्हणजे स्पीकर आपसूक घुमतो त्या सुरापाशी, असे स्पीकर सहज २५ ओहमपर्यंत चढतात. वायरीचा ०.५५ ओहम ४ ओहमच्या जागी १.१ डेसिबल खातो, तर २५ ओहमच्या जागी जेमतेम ०.२. म्हणजे आवाज सरसकट कमी होत नाही, त्याचा आकार बदलतो. काही पट्टे जवळपास एक डेसिबलने मागे पडतात. एवढा फरक रुंद पट्ट्यावर पसरलेला असेल तर ऐकू येतो. शिवाय डावीकडे हाच तोटा ०.४५ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे डावं-उजवंही सारखं राहिलेलं नाही.

तेव्हा तुमच्या घरात वायर बदलल्याने फरक पडेल. पण त्याला २२ हजार लागत नाहीत. २.५ चौरस मिमीची साधी बहुतारी तांब्याची दोन कोअरची वायर घ्या. १६ मीटरला ०.११ ओहम भरतो, आणि ती एक डेसिबलची तफावत ०.२ वर येते. ४ चौरस मिमी घेतलीत तर ०.१२ च्या आसपास. त्यापुढे कितीही जाड केलीत तरी हाती काही लागत नाही, कारण स्पीकरच्या आतल्या कॉइलचाच रोध काही ओहम असतो.

दोन्ही तारा एकमेकींना चिकटून जाऊ द्या. लांब टाकून वेगवेगळ्या नेल्या की इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) वाढतो आणि वरच्या टोकाला थोडा तोटा होतो. वायर जाड असली की दोन्ही बाजूंची सारख्याच लांबीची हवी असा हट्ट मात्र नको. उरलेली वायर गुंडाळून कपाटामागे ठेवण्यात काही अर्थ नाही.

लोहमार्ग

वायरमनशी सहमत. वाचनखूण साठवली.

कानसेन

आकडे मान्य. तरी मला थोडं वेगळं म्हणायचंय.

मी पंधरा-सोळा वर्षं गाणं शिकलो. षड्ज लावताना गुरुजी तंबोऱ्याची जवारी लावून घ्यायचे, दोरा केसभर सरकला की नाद बंद व्हायचा किंवा खुलायचा, आणि तो फरक कुठल्याही मीटरवर बघितल्याशिवाय कळायचा. असा कान तयार केलेल्या माणसाला 'तुम्हाला ऐकू आलं ते नव्हतंच' असं सांगितलेलं मला पटत नाही. एका मित्राकडे चांगल्या, जाड वायरीच्या जागी चांदीचा मुलामा दिलेली केबल लावली तेव्हा गाणाऱ्या बाईंच्या आवाजातली आस (सुराची रेंगाळ) मला जास्त लांब गेल्यासारखी वाटली. हे मी ऐकलंय. रोधाच्या हिशेबात ते कुठे बसतं?

वायरमन_सातारा

कानसेन, तुमच्या कानाविषयी माझ्या मनात शंका नाही. जवारीचा दोरा सरकला की तारेच्या वरच्या स्वरांचा सगळा पसारा बदलतो. तो प्रचंड मोठा बदल आहे, मीटरवरही ठळक दिसतो. तुमचा कान तो पकडतो यात नवल नाही. प्रश्न एवढाच आहे की केबलने तेवढा, किंवा त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा तरी बदल केला का.

चांदीचा रोध तांब्याहून पाच-सहा टक्क्यांनी कमी. तांब्याची तार तेवढीच जाड केली की हिशेब संपला. आणि मुलामा म्हणजे तर नुसता पातळ थर. स्किन इफेक्टचं, म्हणजे वरच्या सुरांना करंट तारेच्या बाहेरच्या थरातूनच वाहतो हे कारण नेहमी पुढे केलं जातं, पण २० किलोहर्ट्झला तांब्यात स्किन डेप्थ, म्हणजे त्या थराची जाडी, साधारण ०.४६ मिमी असते. बहुतारी वायरीच्या चार-आठ मीटरमध्ये त्याने स्पीकरपाशी पडणारा फरक डेसिबलच्या अगदी बारीक अंशात राहतो. 'केबलचा इम्पीडन्स जुळवणं' हेही रेडिओच्या अँटेनाला लागू पडतं. २० किलोहर्ट्झच्या विद्युतलहरीची केबलमधली लांबी दहा किलोमीटरच्या घरात असते, तिथे आठ मीटर म्हणजे काहीच नाही.

मित्राकडे केबल बदलताना आणखी काय काय बदललं, ते बघा. जुनी सैल जोडणी निघाली, नवी घट्ट बसली. खुर्चीत परत बसताना डोकं चार बोटं इकडेतिकडे झालं, आणि वरच्या पट्टीत तेवढ्याने मायक्रोफोनवर दिसण्याइतका फरक पडतो. मधे काही मिनिटं गेली, नादाची बारीक आठवण तेवढा वेळ टिकत नाही. आणि कुठली केबल लागली हे तुम्हाला माहीत होतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत जोरकस आहे. त्यात कानाचा काही दोष नाही, माणूस ऐकतोच तसा.

जर्सीकर

इकडे अमेरिकेत हा वाद चाळीसेक वर्षं चाललाय, म्हणून थोडी भर घालतो.

मॅकिंटॉश या अँप्लिफायर कंपनीत स्पीकर बनवणारे रॉजर रसेल यांनी साधा तक्ता दिला होता. वायरीचा रोध स्पीकरच्या इम्पीडन्सच्या ५ टक्क्यांत ठेवा. त्या हिशेबाने १६ गेजची वायर (सुमारे १.३ चौरस मिमी) ८ ओहमच्या स्पीकरला ४८ फुटांपर्यंत चालते, ४ ओहमला २४ फूट. १२ गेज असेल तर १२० आणि ६० फूट. १९९१ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात वेगवेगळ्या केबल अँप आणि स्पीकरला जोडून मोजलेली आकडेवारी छापली. केबलींमध्ये मोजता येण्याजोगे फरक असतात हे त्यांनी दाखवलं, आणि अवघड स्पीकर आणि मोठ्या आवाजालाही १२ गेज पुरेशी आहे हेही लिहिलं. १२ गेज म्हणजे साधारण ३.३ चौरस मिमी. वायरमननी सांगितलेल्या २.५ आणि ४ च्या मधली.

२००७ मध्ये चमत्काराचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या प्रतिष्ठानाने पेअर कंपनीच्या ७,२५० डॉलरच्या आंजू केबलबाबत दहा लाख डॉलरचं आव्हान दिलं होतं. साध्या चांगल्या केबलपासून ती न बघता ओळखून दाखवा, एवढीच अट. मायकेल फ्रेमर हे समीक्षक तयारही झाले. मग केबल कंपनीने अंग काढून घेतलं आणि चाचणी झालीच नाही. त्यावरून कुठल्याही बाजूने काही सिद्ध झालं असं म्हणणं बरोबर नाही, पण दोन्ही गटांत ती गोष्ट अर्धवट सांगितली जाते म्हणून इथे पुरती लिहिली.

मनवा

छान माहिती मिळतेय. पण वायरमनदादा, घरी न बघता तपासायचं तर कसं? माझ्याकडे दोन केबल पडून आहेत. आम्हा दोघांपैकी एकाला फरक ऐकू येतो, एकाला नाही, आणि दर रविवारी तोच विषय निघतो.

वायरमन_सातारा

मनवाताई, करता येतं, फक्त घाई करू नका.

आधी दोन्ही केबलींवर आवाजाची पातळी सारखी आहे का बघा. ४०० हर्ट्झचा सलग स्वर लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टला लावून वाचन घ्या. दोन्ही केबलींचं वाचन एक टक्क्याच्या आत जुळलं म्हणजे पातळी ०.१ डेसिबलच्या आत आली. किंचित मोठा आवाज आपल्याला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो, म्हणून ही पायरी सोडायची नाही.

मग एकाने नाणं उडवून केबल लावायची, ऐकणाऱ्याने दुसऱ्या खोलीत थांबायचं. केबल लावणाऱ्यानेही नंतर खोलीबाहेर जायचं, कारण त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. तोच अर्ध्या-पाऊण मिनिटाचा तुकडा ऐकायचा, उत्तर कागदावर लिहायचं, आणि शेवटपर्यंत कोणी कोणाचा कागद बघायचा नाही. १६ वेळा करा. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. तेवढे आले तर फरक आहे असं मानायला जागा आहे, आणि मग तो कशामुळे हे शोधायला मजा येईल. बटण दाबून क्षणात अदलाबदल करणारी एबीएक्स पेटी डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्येच मांडली होती. ती मिळाली तर सोन्याहून पिवळं.

संगीत निवडताना तंबोऱ्याचा आलापाआधीचा तुकडा घ्या. सलग नाद आहे, वरचे स्वर भरपूर आहेत. ताना-बोलतानांमध्ये लक्ष गाण्याकडेच जातं.

कानसेन

हे मी करून बघणार आहे, मनापासून. माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. पण न बघता ऐकायला माझी हरकत नाही. गुरुजीही डोळे मिटूनच तंबोरा लावायला सांगायचे.

रत्नांग्रीचा_पाऊस

या सगळ्यात एक गोष्ट राहून जातेय. आमच्याकडे समुद्रावरून येणारी खारी हवा आणि चार महिने पाऊस. इकडच्या घरांत आवाज बिघडला तर दहापैकी नऊ वेळा दोष जोडणीत असतो.

स्पीकरच्या मागे स्प्रिंगवाली क्लिप असते, तिच्यात उघडी तांब्याची तार खुपसलेली. दोन पावसाळ्यांत ती तार आधी काळपट पडते, मग हिरवी होते. तिथला रोध वाढतो, आणि तो स्थिर राहत नाही. डग्ग्याचा ठोका पडला की आवाज दबतो, कधी खरखर येते, कधी एक बाजू गप्प होते. माणूस नवी केबल आणून लावतो, आवाज खुलतो आणि श्रेय केबलला जातं. जुन्या वायरीची टोकं कापून, एक इंच नवं तांबं उघडं करून घट्ट बसवली असती तरी तेच झालं असतं.

अवांतर वाटेल, पण हेही लिहितो: पारदर्शक आवरणातून आतली तार लांबपर्यंत हिरवी दिसत असेल तर टोकं कापून उपयोग नाही, वायर बदला. बनाना प्लग लावणार असाल तर स्क्रू दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आवळा, बहुतारी तार दबून सैल होते. आरसीएच्या (उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या केबलच्या) पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो. आणि एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये. अँपचं आउटपुट उडायला तेवढं पुरतं.

लोहमार्ग

पाऊसदादा, लाखातलं बोललात.

आणखी एक. वायर विकत घेताना ती खरंच तांब्याची आहे का ते बघा. पुण्याच्या तपकीर गल्लीत काय आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, चांगली दुकानं भरपूर आहेत, पण तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायरही सर्रास विकायला असते. दिसायला जाड आणि झळझळीत. एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली तर ॲल्युमिनियम. हाताला हलकी लागते तेही लक्षात येतं. तिचा रोध तांब्याच्या दीडपट धरा. म्हणजे २.५ चौरस मिमी म्हणून घेतलेली प्रत्यक्षात दीडच्या आसपासचं काम करते, शिवाय तिची टोकं लवकर तुटतात.

मनवा

अजून एक प्रश्न, धाग्याच्या विषयाला धरूनच आहे असं वाटतं. टीव्हीचा आवाज अँपवर घेतला की सलग 'घूं' येतं. गाणं थांबलं की जास्त जाणवतं. भारी शिल्डेड केबल घेतली तर जाईल का?

वायरमन_सातारा

बहुधा नाही. ते ग्राउंड लूपचं लक्षण आहे. अँपचं अर्थिंग एका वाटेने, आणि सेट टॉप बॉक्सला छतावरून किंवा बाहेरून येणाऱ्या कोअॅक्स केबलचं दुसऱ्या वाटेने. दोन वाटांमधला फरक ५० हर्ट्झने तुमच्या आरसीए केबलच्या शिल्डमधून वाहतो. आधी भिंतीतून येणारी कोअॅक्स क्षणभर काढून बघा. घूं थांबलं तर चोर सापडला. मग टीव्ही आणि अँप एकाच बोर्डावर घ्या. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आणि अँपला ऑप्टिकल इनपुट असेल तर ती केबल लावा. प्रकाशातून सिग्नल जातो, तांब्याची जोडणीच राहत नाही, लूप तुटतो. तिथे साधी ऑप्टिकल केबल महागड्या आरसीए केबलला मागे टाकते, आणि हा फरक पलीकडच्या खोलीतल्या माणसालाही ऐकू येईल.

प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. घूं जाईल, पण दोष आला की अँपच्या धातूच्या पेटीला वीज येईल.

तबकडी

उशिरा आले. स्पीकरच्या वायरीबद्दल वर सगळं आलंय, पण केबलचा ठसठशीत फरक जिथे पडतो ती जागा कोणी काढली नाही: रेकॉर्ड प्लेअर.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या छोट्या पेटीची) कॉइल मोठी असते, इंडक्टन्स अर्ध्या हेन्रीच्या आसपास. टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) वायर, आरसीए केबल आणि फोनो प्रीअँप (रेकॉर्डचा क्षीण सिग्नल मोठा करणारा) यांची मिळून जी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) होते, ती या कॉइलशी जुळून रेझोनन्स तयार करते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ कार्ट्रिजला कंपनी १०० ते २०० पिकोफॅरड सांगते, ऑर्टोफॉनच्या २एमला १५० ते ३००. आता मीटरला १५० पिकोफॅरडची दीड मीटर केबल घ्या, टोनआर्मचे १०० आणि प्रीअँपचे १०० ते २०० मिळवा. साडेचारशेच्या आसपास पोचलात. व्हीएम९५वर हा रेझोनन्स साडेसतरा किलोहर्ट्झच्या जागेवरून दहा किलोहर्ट्झच्या आसपास उतरतो. तिथे उंचवटा येतो आणि त्याच्यावरचं सगळं लवकर खाली जातं. 'स', 'श' टोचतात, टाळ आणि झांज कर्कश होतात, आणि त्यावरचा मोकळेपणा नाहीसा होतो.

आईकडच्या जुन्या एलपी मी ऐकते, त्यातल्या बऱ्याच नाट्यसंगीताच्या. कमी कपॅसिटन्सची, लांबीने निम्मी केबल लावली आणि ऑर्गनच्या वरच्या पट्टीतला चरचरीतपणा गेला. ती केबल महाग नव्हती. तिचा आकडा योग्य होता, एवढंच. उलट काही नावाजलेल्या, दुहेरी शिल्डच्या महाग केबलींची कपॅसिटन्स जास्त असते, आणि त्या इथे नुकसान करतात. म्हणून मला 'सगळ्या केबल सारख्याच' हे वाक्यही पटत नाही आणि 'महाग ती चांगली' हेही.

कानसेन

तबकडीताई, उत्तम. मी ज्या मित्राचं लिहिलं त्याच्याकडेही टर्नटेबल आहे. त्या दिवशी आम्ही एलपीच ऐकत होतो, आणि स्पीकर केबलबरोबर टर्नटेबलची केबलही बदलली होती का हे त्याला विचारतो.

शुद्धकल्याण

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं: २.५ चौरस मिमीची वायर, आणि उरलेल्या पैशांत स्टँड. सध्या स्पीकर शोकेसच्या आत कोंबलेले आहेत, फोटो टाकायची हिंमत होत नाही.

वायरमन_सातारा

शोकेसमधून बाहेर काढणं हाच सगळ्यांत मोठा बदल ठरेल. स्टँड अशा उंचीचे घ्या की ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाशी येईल. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या आणि तिथून थोडं थोडं सरकवत ऐका. १२ फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्झला खर्ज साचतो. तुमची खुर्ची भिंतीला टेकलेली असेल तर डग्गा घुमणार आणि त्यामागे गायकाचा खालचा षड्ज झाकला जाणार. फरशी उघडी असेल तर स्पीकर आणि खुर्चीच्या मधे जाड सतरंजी टाका. यातला प्रत्येक बदल कित्येक डेसिबलचा आहे. केबलच्या अंशांशी त्याची गाठच नाही.

मनवा

घूं गेलं! कोअॅक्सच होती. ऑप्टिकल लावली.

तबकडीताई, आमच्याकडेही सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर आहे. केबलची कपॅसिटन्स पाकिटावर लिहिलेली नाही. घरी मोजता येते का?

तबकडी

येते, मनवा. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर लागेल. केबल दोन्ही टोकांनी काढून घे. आधी मीटरच्या पिना मोकळ्या ठेवून जो आकडा दिसेल तो लिहून ठेव. मग एक पिन आरसीएच्या मधल्या खुंटीला, दुसरी बाहेरच्या कड्याला. दुसरं टोक मोकळंच राहू दे. आलेल्या आकड्यातून आधीचा वजा कर. प्लेअरची केबल आतूनच जोडलेली असेल तर कार्ट्रिज काढून मोज, म्हणजे टोनआर्मची वायरही त्यात येईल. त्यात प्रीअँपच्या माहितीपत्रकातला इनपुट कपॅसिटन्सचा आकडा मिळव आणि बेरीज कार्ट्रिजच्या मर्यादेशी ताडून बघ.

जास्त भरली तर प्रीअँप प्लेअरच्या शेजारी आण आणि मधली केबल अर्ध्या मीटरवर घे. प्रीअँपपासून अँपपर्यंतची केबल चार-पाच मीटर झाली तरी चालेल, प्रीअँपचा आउटपुट इम्पीडन्स कमी असतो, तिथे एवढ्या कपॅसिटन्सने काही बिघडत नाही.